तुफान बेंजो पार्टी, अंकलखोप

वही माझ्याकडं आहे.
बाकी कुणाकडं काय उरलं, ठाऊक नाही.

पहिल्या पानावर माझंच अक्षर, नववी नापासाचं :
"बुर्ली. लग्न. सुपारी शंभर रुपये. जेवण त्यांच्याकडं."
बेंजोला सिकंदर मुलाणी, ढोलकीला दगडू होवाळ,
ड्रमला अण्णाप्पा मगदूम, जो बोलायचाच नाही.
मी ना सुरात ना तालात,
म्हणून हिशेबाला आणि जनरेटरला.

बेंजो मिरजेत करून घेतला, सतारवाल्यांच्या गल्लीत.
म्हातारा कारागीर चष्म्यावरून बघत म्हणाला,
"ह्याला कर्णाच जोडणार ना?
मग लाकूड कशाला चांगलं मागता?"
तरी लाकूड चांगलंच घातलं. तुणाचं.
बटणं आमची, तहसील कचेरीच्या भंगारातल्या टाइपरायटरची,
त्यामुळं सिकंदरचा सा
शेवटपर्यंत 'क्ष'वर राहिला.

कर्णा पंचायतीचा. आवाज फाटायचा.
दुरुस्त केला तर लोक म्हणाले, मजा गेली,
म्हणून परत फाडला.
त्या फाटक्या आवाजावर आम्ही
इस्लामपूर मारलं, विटा मारलं,
कडेगावच्या मोहरमला पाऊण तास उभं राहून
मान खाली घालून ऐकलं, शिकलो,
आणि कराडात एका नवरदेवाला
घोड्यावरून उतरून नाचायला लावलं.

शहाण्णवला कॅसेट निघाली.
सांगलीत, हळदीच्या वखारीवरच्या खोलीत.
खिडक्या बंद, पंखा बंद, हवेत हळद.
बी बाजूला तिसऱ्या गाण्यात, सिकंदर वर चढतो तिथं,
एक शिंक आहे.
अण्णाप्पाची.
रेकॉर्डिंगवाला म्हणाला, परत घेऊ. तीनशे रुपये जादा.
मी म्हणालो, राहू दे.

येडेनिपाणीचं वळण. पहाटेचे चार.
बिनदिव्याची उसाची ट्रॉली.
त्या तारखेपुढं मी एवढंच लिहिलंय :
"येणे बाकी नऊशे."
कराडकर स्वतः घरी आणून देऊन गेले, अकराशे करून.
मगदुमांच्या उंबऱ्यावर ठेवले. कुणी उचलेना.

सिकंदरनं दोन वर्षं पंपाच्या मोटारी भरल्या.
मग अण्णाप्पाचा धाकटा, शीतल, ड्रमवर बसला.
चांगला वाजवायचा.
हाच तर त्रास होता.
दगडू एकदा ऐन वरातीत थांबला, म्हणाला,
"असा नव्हता मारत तो,"
आणि ढोलकी गळ्यातच ठेवून घरी गेला.

पुढं त्यानं काढलं 'ओरिजनल तुफान'.
आम्ही झालो 'जुने तुफान'.
त्याच्या भाच्यानं 'न्यू तुफान' काढून दोघांच्या सुपाऱ्या खाल्ल्या.
नावासाठी पलूसला वकील केला, बैठक झाली,
चहाचे पैसे कुणी द्यायचे ह्यावर मोडली.
एका लग्नात तर मुलीकडून एक तुफान, मुलाकडून दुसरं,
मांडवाच्या दारात समोरासमोर.
कुणी मागं हटेना.
मग दगडूनं उगाच ताल धरला, आपला जुना,
सिकंदरचं बोट 'क्ष'वर गेलं,
आणि अक्षता पडायला अर्धा तास उशीर झाला.
त्यानंतरही ते बोलले नाहीत. बरं का.
सगळं सांगायचं तर हेही सांगितलं पाहिजे.

मग चाकांवरच्या भिंती आल्या.
छाती आतून हलवणाऱ्या.
त्यांच्यापुढं आमचा कर्णा म्हणजे खोकला.
शेवटची सुपारी वहीत आहे, रक्कम लिहिलेली नाही.

एकोणीसच्या पुरात पाणी माळ्यावर चढलं.
तुण फुगलं, तारा गंजल्या,
गाळ उपसताना सिकंदरला चार बटणं मिळाली.
'क्ष' नव्हतं त्यात.

कॅसेट मात्र शिराळ्याला बहिणीकडं होती, कोरडी.
तिच्या पोरानं ती मोबाईलमध्ये घातली.
शीतल आला काल. चप्पल दारातच, बसला नाही.
गाणं सुरू केलं तर म्हणाला, पुढं घे.
अजून पुढं.
तिथं.

घरात त्याचा एकही बोललेला शब्द नाही,
तो म्हणाला, फोटो आहेत तीन.

परत लाव.

मी परत लावलं.
वही काढली, तारीख घातली,
सुपारीच्या रकान्यात काय लिहावं कळेना.
जेवण माझ्याकडं, एवढं लिहिलं.